एका नावासाठी आठ दिवस

थिंगनजुनच्या बाजारासमोर चहाच्या दुकानात एक माणूस चहा समोर ठेवून बसला होता. ओन्मार फुलवालीकडे गेली तेव्हा त्याचा कप भरलेला होता आणि पाव तासाने परत आली तेव्हाही तेवढाच भरलेला होता. वर साय धरली होती. लुंगी जुनी, सदरा साधा, पायात रबरी चपला. पण घोट्याच्या वर मोज्यांखाली झाकून राहिलेल्या कातडीचा उजळ पट्टा उठून दिसत होता. वर्षानुवर्षं बूट घालणाऱ्याचा पाय होता तो.

दहाला पाच मिनिटं कमी होती. बाजारात तिच्या तीस बायका पांगलेल्या होत्या. कुणी मासे चाचपत होती, कुणी मोहरीच्या भाजीवरून घासाघीस करत होती. दहा वाजता ओन्मारने टोपलीतलं लाल कापड उलगडायचं, बाकीच्यांनी मागे गोळा व्हायचं, घोषणा देत चौकापर्यंत जायचं आणि पाच मिनिटांत पुन्हा गर्दीत मिसळून जायचं, असं ठरलं होतं. म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली त्याला नऊ महिने होत आले होते. सुरुवातीला यांगोनच्या रस्त्यांवर लाखो माणसं उतरत. गोळ्या चालल्या आणि हाताशी एवढी पाच मिनिटं उरली. तीही सोडून दिली तर मग काय राहिलं, असं ओन्मार म्हणायची.

तिने काळी छत्री उघडली. म्हणजे आज रद्द.

बायकांनी पाहिलं आणि मान न वळवता आपापली खरेदी चालू ठेवली. फक्त नांदार, जिच्या टोपलीत भाजीखाली पत्रकं होती, ती बाजाराच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिला छत्री दिसली नाही. दोन माणसांनी येऊन तिला दोन्ही दंडांना धरलं. नात्यातल्या आजारी बाईला सांभाळून न्यावं इतक्या हळुवारपणे त्यांनी तिला एका पांढऱ्या गाडीत बसवलं. आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही. नांदार सरकारी इस्पितळातली नर्स. संपावर गेल्यापासून घरोघर जाऊन लोकांच्या जखमा बांधायची. गाडीत बसताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही. आपल्या नजरेच्या रोखाने ते ओन्मारपर्यंत पोचतील हे तिला माहीत होतं.

ओन्मारने अर्धा किलो कांदे घेतले. बाजारातून रिकाम्या हाताने निघणारी बाई लगेच लक्षात येते.

दीड महिन्यात हे तिसऱ्यांदा घडत होतं. आधी फलक ठेवलेल्या घरावर धाड पडली. मग पुलाजवळ त्या जमायच्या आधीच लष्कराचे ट्रक येऊन उभे राहिले. आणि आता हे. एकदा झालं तर नशीब म्हणता येतं. तीनदा झालं म्हणजे कुणीतरी बोलतंय.

*

ओन्मार अडतीस वर्षांची. लाइंग थायाच्या कपड्यांच्या कारखान्यात परदेशी थंडीचे कोट शिवण्यात तिची चौदा वर्षं गेली होती. कामगार संघटनेची ती सेक्रेटरी. सत्ता बळकावली गेल्यावर पाचव्याच दिवशी तिने मशीन बंद केलं, बाकावर उभी राहिली आणि पाचशे मुलींना फाटकाबाहेर काढलं. पुढे पकडायच्या लोकांच्या यादीत तिचं नाव आलं. तेव्हापासून तिने चार घरं बदलली. सध्या ती दक्षिण दगोनला म्या सेईन मावशींकडे राहत होती. मावशींचं मोहिंग्याचं दुकान होतं. त्या शेवयांवरच्या माशाच्या रश्श्याचा वास पहाटे चारपासून गल्लीत सुटायचा. घरी राहणाऱ्या पाहुण्याची नोंद वॉर्ड ऑफिसात करावी लागे; त्या यादीत ओन्मार ही मावशींची मिन्जानची भाची होती आणि तिचं नाव भलतंच काही होतं.

त्या दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत यमीन येऊन बसली होती. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून चळवळीत आलेली तेवीस वर्षांची मुलगी. पुढ्यातल्या वाडग्याला तिने हात लावला नव्हता.

"ताई, बाजाराचं ठिकाण आपल्या पाच जणींना माहीत होतं," ती म्हणाली. "बाकीच्यांना सकाळी कळलं, तेही बसमध्ये बसल्यावर. नांदार तर गेलीच. मी नाही, तुम्ही नाही. वुतयी तिकडे गावी आईची सेवा करतेय. मग कोण राहिलं, ते मीच सांगायला हवं का?"

"स्वे झिन चौदा वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर बसलीय."

"कारखान्यात चौदा वर्षं बसली असेल. तुरुंगात एकोणीसच दिवस का बसली?"

हा प्रश्न ओन्मारच्याही मनात गेले कित्येक दिवस फिरत होता. स्वे झिन ऑगस्टमध्ये पकडली गेली. तिच्याबरोबरच्या चौघींना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली आणि ही एकोणिसाव्या दिवशी घरी आली. सांगताना म्हणाली, त्यांना माझ्याविरुद्ध काही सापडलं नाही. जणू सापडावं लागतं.

"पोरांनी नाव मागितलंय," यमीन हळूच म्हणाली.

पोरं म्हणजे कोण, ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. शहरात लपून राहणारी, हत्यार हाती घेतलेली तरुण मंडळी. मागच्याच महिन्यात शेजारच्या वॉर्डात एका कारकुनाला खबऱ्या समजून त्यांनी पानाच्या टपरीवर गोळी घातली होती. तो खरोखर खबऱ्या होता की नव्हता, हे विचारायला तो आता उरला नव्हता.

"नाव द्यायचं नाही," ओन्मार म्हणाली.

"अजून किती नांदार द्यायच्यात मग?"

"यमीन, ऐक. ते लोक दार तोडून माणूस उचलतात. वकील नाही, कोर्ट नाही, त्याला बोलू देत नाहीत. म्हणून आपण रस्त्यावर आलो ना? आता आपणही तेच करायचं? नुसत्या संशयावर?"

"हे भाषण चांगलंय, ताई. नांदार सुटून आली की तिला ऐकवा."

चुलीजवळ बसलेल्या मावशी इतका वेळ केळीच्या खोडाच्या चकत्या करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोरी, जीभ आवर. आणि ओन्मार, तूही नुसती तत्त्वं नको सांगूस. शोध लाव. मला माझ्या घरात झोपायचंय."

"आठ दिवस द्या मला," ओन्मार म्हणाली. "पुढच्या गुरुवारपर्यंत. तोवर नवं ठिकाण नाही, मोर्चा नाही आणि नावही नाही."

यमीन वाडगं पुढे सरकवून उठली आणि गेली.

*

फोनवर त्यांचा पाच जणींचा ग्रुप होता. त्यात आता ओन्मार काही लिहीत नव्हती. पण वुतयीला मात्र तिने वेगळा मेसेज केला. वुतयी वीस वर्षांची, कारखान्यात तिच्याच हाताखाली शिवायला शिकलेली. ऑगस्टच्या शेवटी आई आजारी पडल्याचा निरोप आला म्हणून ओन्मारनेच तिला प्यापोनच्या बसमध्ये बसवून दिलं होतं. त्याच संध्याकाळी 'पोचले' असा मेसेज आला. तेव्हापासून ती तिथूनच वाचायची, दोन शब्द लिहायची. दूर असलेल्या माणसाशी मन मोकळं करणं सोपं जातं. ओन्मारने विचारलं, तुला काय वाटतं, कोण असेल?

उत्तर यायला तास लागला. 'ताई, मला स्वे झिनचीच शंका येते. ती इतक्या लवकर कशी सुटली? तुम्ही जपून राहा. सध्या कुठे राहता? गावाकडून कुणी आलं तर सुकी मासळी पाठवते, पत्ता द्या.'

ओन्मारला भरून आलं. मुलगी मोठी झाली, तिला वाटलं, लिहिणंही किती सुधारलं. पूर्वी एका ओळीत चार चुका असायच्या. पत्ता मात्र तिने दिला नाही. कुणालाच द्यायचा नाही असा तिचा स्वतःशी नियम होता. 'मासळी राहू दे, आईला खाऊ घाल,' एवढंच लिहिलं.

पण आता स्वे झिनचं नाव घेणाऱ्या दोघी झाल्या होत्या.

मंगळवारी सकाळी ओन्मार स्वे झिनच्या मागे गेली. सुटून आल्यापासून स्वे झिन दर मंगळवारी दोन तास कुठेतरी जाते हे तिने हेरलं होतं. 'दवाखान्यात जाते, पाठ दुखते,' असं ती सांगायची. ओन्मारने गालांवर तनाखाचा, झाडाच्या उगाळलेल्या सालीचा, जाड लेप दिला, डोक्यावर वेताची टोपी ओढली आणि बसमध्ये तिच्यापासून सहा बाकं मागे बसली. चौदा वर्षांत या बाईच्या पाठीला पाठ लावून तिने डबे खाल्ले होते. तिच्या मुलीच्या बारशाला भाताचं पातेलं तिनेच ढवळलं होतं. आणि आज ती तिच्या मानेवरच्या अंबाड्याकडे चोरासारखी बघत होती.

स्वे झिन दवाखान्याच्या थांब्यावर उतरली नाही. दोन थांबे पुढे उतरली, रस्ता ओलांडला आणि वाळूच्या पोत्यांच्या आडून सरळ पोलीस चौकीत शिरली. पहाऱ्यावरच्या पोलिसाने तिला अडवलं नाही. ओळखीच्या माणसाला जाऊ द्यावं तसं जाऊ दिलं.

समोरच्या झाडाखाली एक बाई शेंगदाणे विकत होती. ओन्मार तिच्या बाजूला उकिडवी बसली. वीस मिनिटांनी स्वे झिन बाहेर आली. तिच्यामागून एक जमादार दारापर्यंत आला आणि काहीतरी बोलला. स्वे झिन हसली. दात दाखवून, मान तिरकी करून हसली.

शेंगदाणेवाली म्हणाली, "बाई, पाणी देऊ का? ऊन लागलंय तुम्हाला."

*

ती कुणाला काही बोलली नाही. बोलली असती तर यमीनने त्याच दुपारी नाव पोचवलं असतं, आणि ओन्मारला आता स्वतःचाच भरवसा वाटत नव्हता. रात्रभर तिने दोन्ही बाजूंनी विचार केला. बुधवारी सकाळी ती स्वे झिनकडे गेली.

स्वे झिन थुवण्णाच्या बाजारामागे एका पत्र्याखाली मशीन टाकून बसायची. लुंग्यांना टीप, सदऱ्यांना गुंड्या, असली कामं. ओन्मारला पाहून ती दचकली. ओन्मारने उघडपणे तिथे यायचं नाही असं ठरलेलं होतं.

"काल चौकीत काय होतं?" ओन्मारने बसता बसता विचारलं.

स्वे झिनचं मशीन थांबलं. तिने सुई वर घेतली, कापड काढलं, घडी केली. मग म्हणाली, "तू माझ्या मागे आलीस?"

"आले."

"मला विचारायच्या आधी?"

"विचारलं होतं. तू पाठ दुखते म्हणालीस."

स्वे झिनने आजूबाजूला पाहिलं. शेजारचा चपलांचा विक्रेता डुलक्या घेत होता. ती खाली वाकून, दोरा ओवायचं निमित्त करून बोलू लागली. चौदाव्या दिवशी त्यांनी तिच्या मुलीला आणून समोर बसवलं होतं. बारा वर्षांची पोर. तिला काही केलं नाही, नुसती बसवली आणि एक कागद पुढे सरकवला. यापुढे राजकारणात भाग घेणार नाही, दर मंगळवारी हजेरी देईन. स्वे झिनने सही केली.

"एवढंच?"

"नावंही विचारली. कारखान्यातली चार नावं दिली मी. चौघीही तेव्हा सीमेपलीकडे पोचलेल्या होत्या. तुझं आणि वुतयीचं नाव आलं तेव्हा मी म्हणाले, भांडण झालंय आमचं, वर्षभर तोंड पाहिलं नाही." तिने दोरा दातांनी तोडला. "सहीचं सांगायची लाज वाटली. सही करून आलेली बाई, कोण उभी करील मला?"

"काल तू हसलीस."

"कुठे?"

"चौकीच्या दारात. जमादार काहीतरी बोलला आणि तू हसलीस."

"तो म्हणाला, पुढच्या मंगळवारी केसात फूल माळून ये," स्वे झिन म्हणाली. "मी हसले नसते तर त्याने आत बोलावलं असतं."

ओन्मारला तिच्यावर विश्वास ठेवायचा होता. जवळजवळ ठेवलाही होता. तरी मनाच्या तळाशी कुणीतरी बसून म्हणत होतं की, खबऱ्याला पढवून पाठवलं तर तोही असंच सांगेल. मुलीचं सांगेल, लाजेचं सांगेल. ती उठताना म्हणाली, "हे सगळ्यांसमोर सांगशील?"

स्वे झिनने घडी केलेलं कापड पुन्हा सुईखाली घातलं. "तुझा अजून विश्वास बसला नाही," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

*

गुरुवारी सकाळी नऊला मावशी माडीच्या जिन्याखाली येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "खाली एक बाई आलीय. डेल्टाकडची दिसते. वुतयीची आई म्हणवते."

ओन्मार जिन्यात आली. "इथे कशी आली?"

"मोहिंग्याच्या दुकानातल्या म्या सेईनला विचार, असं मुलीने कधीतरी सांगितलं होतं म्हणे. पोरगी कारखान्यात असताना दर रविवारी इथेच खायला यायची की."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"भाचीला विचारते म्हणाले. पायाला चिखल आहे, नखांत मासळीचा वास आहे. पण आजकाल चिखलही फासता येतो."

ओन्मार फडक्याने हात पुसत, कामवाल्या बाईसारखी खाली आली. बाकावर पन्नाशीची एक काळीसावळी बाई बसली होती, मांडीवर सुक्या कोळंबीचं गाठोडं घट्ट धरून. टिन न्वे असं नाव तिने सांगितलं.

"वुतयी इथे येते का हो?" तिने विचारलं.

"कोण वुतयी?" ओन्मार म्हणाली. "इथे खूप मुली येतात. कशी दिसते?"

"उजव्या अंगठ्याचं नख दुभंगलंय तिचं. मशीनची सुई गेली होती. मला सांगितलं नाही कुणी, मी थिंजानच्या सणाला ती घरी आली तेव्हा पाहिलं."

ते नख ओन्मारने स्वतः धुऊन बांधलं होतं. दुखतंय म्हणून पोरगी रडली होती आणि आईला कळवू नका म्हणून हात जोडत होती. ओन्मारने फडकं बाजूला ठेवलं.

"तुम्ही आजारी होता ना?"

"मी? मी कशाला आजारी पडते?"

"तुमचा निरोप आला होता. ऑगस्टमध्ये."

"तो मीच आमच्या शेजाऱ्याकडून लिहवून त्याच्या फोनवरून पाठवला होता," बाई ओशाळून म्हणाली. "शहरात गोळीबार चाललेला. आजारी आहे म्हटलं की येईल, असं वाटलं. पण ती आलीच नाही. उलट मेसेज आला, काम आहे, जमणार नाही. मी रागावले, बोलले नाही. पण आता दिव्यांच्या सणालासुद्धा पाया पडायला आली नाही. असं कधी झालं नाही हो. मेसेज येतात, सगळं ठीक आहे म्हणते. फोन केला तर उचलत नाही. मला तिचा आवाज ऐकायचाय."

ओन्मार बाकावर टेकली. प्यापोनच्या रस्त्यावर तपासणीचे दोन नाके होते. बस सुटताना मुलगी खिडकीतून हात हलवत होती आणि दुसऱ्या हातात तिचा फोन होता. त्या दिवसापासून तो फोन त्यांच्याकडे होता. दोन महिने तो ग्रुपमधलं सगळं वाचत होता. बाजार, पूल, फलकांचं घर. दोन महिने तो पत्ता मागत होता, मासळीच्या नावाने. आणि त्यानेच स्वे झिनकडे बोट दाखवलं होतं, म्हणजे बायका एकमेकींना खातील आणि त्यांचं काम सोपं होईल.

"माझी मुलगी कुठे आहे?" टिन न्वेने विचारलं.

ओन्मारने तिचे दोन्ही हात हातात घेतले. खोटं सांगणं शक्य होतं, पण या बाईला दोन महिने खोटंच मिळालं होतं. "त्यांच्या ताब्यात आहे," ती म्हणाली. "ऑगस्टपासून. आम्हाला आत्ता कळलं, तुमच्यामुळे."

बाई रडली नाही. गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मावशींनी पुढे होऊन तिला आत नेलं.

*

ओन्मारने तिसऱ्यांदा लावल्यावर यमीनने फोन उचलला. ओन्मारने काही सांगायच्या आतच तिने विचारलं, "आज गुरुवार आहे, ताई. ठरलं का काही?"

"नाव दिलंस?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"यमीन."

"काल संध्याकाळी दिलं. तुम्ही काही करणार नव्हता. तुम्हाला जमलं नसतं."

"ती नाही. वुतयीचा फोन आहे. तिची आई इथे बसलीय. निरोप परत घे."

"त्यांचा फोन बंद असतो. ते स्वतःहून लावतात." यमीन म्हणाली. "आज तिच्या बाजाराचा दिवस, आजच करू असं म्हणाले होते."

ओन्मार होती तशी निघाली. टोपी नाही, तनाखा नाही. पकडायच्या यादीत फोटो असलेली बाई भर उजेडात टॅक्सीत बसून शहराच्या मधोमध गेली. वाटेत एक नाका लागला. शिपायाने आत डोकावलं, ड्रायव्हरचा परवाना उलटसुलट केला, तिच्याकडे पाहिलं आणि जा म्हणाला. तिला घाबरायलाही सवड झाली नाही.

स्वे झिन जागेवर होती, खाली मान घालून टीप मारत होती. समोर, दहा पावलांवर, चहाच्या टपरीच्या बुटक्या स्टुलांवर दोन तरुण बसले होते. एकाच्या मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ओन्मार पाहत राहिली. ही ती पोरं होती का? की पोरांची वाट पाहत बसलेले साध्या कपड्यातले लष्कराचे लोक होते? की दोघे कॉलेज सुटलेले रिकामटेकडे? तिन्ही शक्य होतं. पोरं असतील आणि ती बोलली नाही, तर स्वे झिन मरेल. लष्कराचे असतील आणि ती बोलली, तर दोघी जातील आणि दोघींच्या मागोमाग यमीनही.

तिने एक स्टूल ओढलं आणि स्वे झिनच्या आणि त्या दोघांच्या बरोबर मध्ये, त्यांच्याकडे तोंड करून बसली.

"आज पुन्हा कशाला आलीस?" स्वे झिन म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगायला न्यायला?"

"शिवत राहा. मान वर करू नकोस."

"का?"

"नंतर सांगते. शिवत राहा."

मशीन चालू लागलं. ओन्मारच्या पाठीमागून त्याचा आवाज येत होता, चौदा वर्षांचा ओळखीचा आवाज. दोघांपैकी एकजण उठला. मांडीवरचं गुंडाळं काखेत मारून तो सावकाश आला आणि ओन्मारच्या समोर उभा राहिला. विशीतला, ओठांवर पानाची लाली, डोळे झोप नसलेले.

"बाजूला व्हा, काकू. टेलरशी काम आहे."

"काय काम?"

"पँट आखूड करायचीय."

"आज काम घेत नाही आम्ही," ओन्मार म्हणाली. मग तिने ते एक नाव उच्चारलं. "यमीनला विचार. ती सांगेल, पँट चुकून दुसऱ्याच दुकानात आली."

तो हलला नाही. त्याने ओन्मारचा चेहरा निरखला, ओळखला की नाही ते कळलं नाही. ती त्याच्या हातांकडे पाहत होती. इतके कोवळे हात होते ते.

"खात्री आहे?" शेवटी त्याने विचारलं.

"माझी आहे. मी इथे बसलेय ना?"

तो वळला, स्टुलावरच्या सोबत्याला मानेने खूण केली आणि दोघे मासेबाजाराच्या बाजूने दिसेनासे झाले. मागे मशीन थांबलं होतं.

"ते माझ्यासाठी आले होते," स्वे झिन म्हणाली.

"हो."

"तू नाव दिलंस?"

"नाही. पण मी मनात ठेवलं होतं ते. आज सकाळपर्यंत ठेवलं होतं."

स्वे झिनने मशीनवर कापड टाकलं, दोरे डब्यात भरले. डब्याचं झाकण बसेना. ओन्मारने मदतीला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"तू जीव धोक्यात घालून आलीस, ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "आणि तू चोरून माझ्या मागे आलीस, तेही विसरणार नाही. दोन्ही खरं आहे. मला दोन्हींचं काय करायचं ते कळत नाही."

*

संध्याकाळी मावशींच्या मागच्या खोलीत यमीन म्हणाली की, आता तो फोन आपल्यालाही वापरता येईल. खोटं ठिकाण कळवू, ट्रक तिकडे जातील, आपण दुसरीकडे मोर्चा काढू.

"आणि ट्रक रिकामे परत आल्यावर ते कुणाला मारतील?" ओन्मारने विचारलं. टिन न्वे भिंतीला टेकून ऐकत होती, म्हणून तिने पुढचं बोलायचं टाळलं.

मग ठरलं ते असं. फलकांच्या जागा, झोपायची घरं, फोनचे नंबर, सगळं बदलायला तीन दिवस लागणार होते. तेवढे तीन दिवस पलीकडच्या माणसाला काही कळता कामा नये. म्हणून ओन्मारने मेसेज लिहीत राहायचं, नेहमीसारखं.

तिने लिहिलं, 'वुतयी, पावसाळा संपला तरी डास आहेत, पांघरूण घेऊन झोप.' लिहिताना तिला तो फोन हातात धरणारा माणूस दिसत होता, टेबल, चहा. पण कधीतरी ते मुलीला समोर बसवून वाचून दाखवत असतील, हे काय म्हणते, त्याचा अर्थ सांग, असं विचारत असतील. त्या एका शक्यतेसाठी ती लिहीत राहिली. 'आईची काळजी करू नकोस. ती ठणठणीत आहे.' हे वाक्य पाठवण्याआधी तिने टिन न्वेकडे पाहिलं. टिन न्वेने मान हलवली.

'ठीक आहे ताई. पुढचा कार्यक्रम कधी?' उत्तर आलं. एकही चूक नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिने आपल्या फोनचं सिमकार्ड काढून तोडलं.

*

पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा मोर्चा काढला. बावीसच बायका आल्या. सान्चाउंगच्या एका रस्त्यावर त्या सहा मिनिटं चालल्या आणि कुणी पकडलं गेलं नाही. त्याआधी सगळ्यांनी मिळून एक नियम केला होता. कुणावरही आळ आला तर तिला समोर बसवून, सर्वांदेखत ऐकून घेतल्याशिवाय कुठेही नाव जाणार नाही. नियम लिहिला यमीननेच. लिहिताना ती कुणाकडे पाहत नव्हती. पोरांशी असलेला संबंध तिने तोडला नाही, पण तो लपवलाही नाही.

स्वे झिन त्या मोर्चात नव्हती. तिने आपल्या गल्लीतल्या आठ बायकांचा वेगळा गट केला आणि ओन्मारला निरोप धाडला की कामापुरता निरोप पाठव, भेटायला येऊ नकोस. मंगळवारची हजेरी चालूच होती. तिच्या गटाला पहिल्याच दिवशी तिने सहीचं सांगून टाकलं होतं, असं कानावर आलं.

नांदारला तीन वर्षांची शिक्षा झाली. वुतयीचं नाव जानेवारीत तुरुंगाच्या यादीत सापडलं. ती जिवंत होती. भेट मिळत नसे, पण दर पंधरा दिवसांनी डबा घेत. टिन न्वे गावाला परतली नाही. मावशींच्या दुकानात भांडी घासते आणि ठरलेल्या दिवशी तुरुंगाच्या फाटकाशी रांगेत उभी राहते. सुकी कोळंबी शिपाई सुरीने उकरून बघतात, चिठ्ठी असेल म्हणून. ती म्हणते, बघू देत. मला लिहिता येत नाही, हे त्यांना कुठे माहीत आहे.

ओन्मारने पाचव्यांदा घर बदललं. शिलाई मशीनचं डोकं पोत्यात घालून ती शहराबाहेरच्या बसमध्ये बसली. शेजारी एक गोड बोलणारी बाई येऊन टेकली. कुठल्या, कुठे चाललात, मशीन विकायला का, असं विचारू लागली. चेहरा भला होता. कदाचित खरोखरच भली असेल. ओन्मारने हसून बहिणीकडे चालले म्हणून सांगितलं, एका गावाचं नाव घेतलं आणि त्या गावाच्या तीन थांबे आधीच उतरून, उरलेली वाट पोतं खांद्यावर टाकून चालत गेली.